त्वचेखालचा प्रकाश : प्लास्टिकच्या चेहऱ्यांपासून गॉलमपर्यंत

१/२५
डिसेंबर २००२. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेचा दुसरा भाग, ‘द टू टॉवर्स’, प्रदर्शित झाला आणि गॉलम नावाचे एक कृश, केविलवाणे पात्र प्रेक्षकांच्या मनात घर करून बसले. अभिनय अँडी सर्किस यांचा होता. पडद्यावरचा देह मात्र संगणकाने घडवलेला होता. तरीही त्याची कातडी कातडीसारखी दिसत होती. हे साधायला सुमारे तीस वर्षे लागली होती. त्या तीस वर्षांचा, आणि त्यांतून सुटून गेलेल्या एका प्रश्नाचा, हा धागा. #इतिहासधागा

२/२५
आधी मूळ कोडे समजून घेऊ. अंधारात विजेरीवर तळहात ठेवला की बोटांच्या कडा लालबुंद उजळतात. मावळतीच्या उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाच्या कानाच्या पाळ्या पेटल्यासारख्या दिसतात. म्हणजे प्रकाश त्वचेवर आपटून नुसता परत फिरत नाही. तो आत शिरतो, असंख्य वेळा दिशा बदलतो, वाटेत काही अंशी शोषला जातो आणि उरलेला दुसऱ्याच ठिकाणाहून बाहेर पडतो. दूध, मेण, संगमरवर, झाडाचे पान, या सर्वांत हेच घडते. यालाच ‘सबसरफेस स्कॅटरिंग’, म्हणजे पृष्ठभागाखाली प्रकाशाचे विखुरणे, असे नाव आहे.

३/२५
संगणकाला मात्र सुरुवातीला वेगळाच धडा मिळाला. योहान हाइनरिश लॅम्बर्ट यांनी १७६० साली ‘फोटोमेट्रिया’ या लॅटिन ग्रंथात प्रकाशमापनाचे नियम मांडले. खडबडीत, चकाकी नसलेला पृष्ठभाग किती उजळ दिसेल, हे त्यावर प्रकाश कोणत्या कोनातून पडतो यावरून काढता येते, हा त्यांतील एक. नियम सुटसुटीत होता. ज्या बिंदूवर प्रकाश पडला, त्याच बिंदूवरून तो परत फिरला, असे धरून चालले की गणित एका ओळीत संपते. दोन शतकांनंतर संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीला हे सोपेपण फार मोलाचे ठरले.

४/२५
स्थळ : अमेरिकेतील यूटा विद्यापीठ. १९७१ साली आंरी गुरो या फ्रेंच संशोधकाने आपली पत्नी सिल्व्ही हिच्या चेहऱ्यावर रेषा आखल्या, त्यांवरील बिंदूंची मोजमापे घेतली आणि तो चेहरा बहुभुजांच्या जाळीच्या रूपाने संगणकात उतरवला. त्या काळी अशी आकृती पैलू पाडलेल्या खड्यासारखी दिसे. गुरो यांनी कोपऱ्यांवरील उजळपणा मधल्या भागात क्रमाक्रमाने मिसळण्याची युक्ती काढली आणि चेहरा गुळगुळीत झाला. संगणकीय चित्रणाच्या अगदी आरंभकाळातच मानवी चेहरा अभ्यासविषय झाला, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

५/२५
त्याच विद्यापीठात बुई तुओंग फाँग हा व्हिएतनामी विद्यार्थी चकाकीच्या मागे लागला होता. गोल वस्तूवर दिव्याचा जो पांढरा ठिपका दिसतो, तो स्वस्तात कसा काढायचा? त्याचा शोधनिबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी, तिशीच्या आसपास, ल्युकेमियाने त्याचे निधन झाले. त्याच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र पुढे अनेक दशके जगभरच्या संगणकांत चालत राहिले. इतक्या अल्प आयुष्याचा इतका दीर्घ परिणाम विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

६/२५
पण फाँगच्या सूत्राने काढलेली प्रत्येक वस्तू प्लास्टिकची का दिसे? १९८०च्या दशकाच्या आरंभी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांनी त्याची उकल केली. प्लास्टिक म्हणजे रंगकण मिसळलेला पारदर्शक पदार्थ. त्याच्या वरच्या थरावरून परतणारी चकाकी दिव्याच्याच रंगाची असते. वस्तूचा स्वतःचा रंग आतल्या कणांकडून येतो. धातूची चकाकी मात्र धातूच्याच रंगाची असते. फाँगच्या सूत्रात चकाकी नेहमी दिव्याच्या रंगाची धरली जाई, म्हणून तांब्याचे भांडेही प्लास्टिकचे भासे. या उकलीत एक सूचना दडलेली होती : रंग पृष्ठभागावर नसून आत असतो.

७/२५
ही सूचना व्यवहारात उतरायला वेळ लागला. १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला. त्याचे नायक प्लास्टिकची नि कापडाची खेळणी होती आणि त्या काळच्या तंत्राला ती शोभून दिसली. त्याच चित्रपटातील माणसे मात्र खेळण्यांपेक्षा निर्जीव वाटतात. आकार, हालचाल, केस यांत त्रुटी होत्याच. पण त्वचेत प्रकाश शिरत नव्हता, हे एक मोठे कारण होते.

८/२५
आता थोडे मागे जावे लागेल, कारण उत्तर दुसऱ्याच शास्त्रांच्या कपाटांत आधीपासून पडून होते. धुक्यासारख्या माध्यमातून प्रकाश कसा वाट काढतो, हा प्रश्न आर्थर शूस्टर यांनी १९०५ साली ताऱ्यांच्या वातावरणासंदर्भात हाताळला होता. १९३१ साली कुबेल्का आणि मुंक यांनी रंगाच्या लेपासाठी तसेच गणित मांडले : भिंतीला दिलेला हात किती जाड असला म्हणजे खालचा रंग दिसेनासा होतो? तारा आणि रंगाचा डबा यांत साम्य एवढेच की दोन्हीकडे प्रकाश आत अडखळत चालतो.

९/२५
१९४१ साली येर्क्स वेधशाळेतील लुई हेन्ये आणि जेसी ग्रीनस्टाइन यांनी आकाशगंगेतील धूलिकण प्रकाश कोणत्या दिशेला किती फेकतात, यासाठी एक छोटे सूत्र सुचवले. त्याच वेधशाळेत लाहोरला जन्मलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर काम करीत होते. १९५० साली त्यांचा ‘रेडिएटिव्ह ट्रान्स्फर’ हा ग्रंथ आला. विखुरणाऱ्या माध्यमातून प्रकाशाची वाटचाल मोजणारे समीकरण त्यात सांगोपांग मांडलेले होते. ताऱ्यांसाठी लिहिलेले हे गणित पुढे चित्रपटातल्या गालांसाठी वापरले जाईल, अशी कल्पनाही तेव्हा कोणाला नसणार.

१०/२५
हे गणित संगणकीय चित्रणात आले तेही आकाशाच्याच वाटेने. जेम्स ब्लिन हे अमेरिकेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत व्हॉयेजर यानांच्या शनिभेटीची संगणकीय दृश्ये तयार करीत होते. शनीची कडी म्हणजे अगणित कणांचा समूह. तिथे लॅम्बर्टचा नियम निरुपयोगी होता. १९८२ साली ब्लिन यांनी ढग आणि धुळीचे थर यांच्यासाठी विखुरण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. त्यांनी प्रकाशाची एकच ठोकर हिशेबात धरली होती. विरळ कणांना ते पुरते. दुधाला किंवा त्वचेला पुरत नाही, कारण तिथे ठोकरा शेकड्यांनी होतात.

११/२५
खरे तर अडचणीची नेमकी व्याख्या १९७७ सालीच झाली होती. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये फ्रेड निकोडिमस आणि सहकाऱ्यांनी परावर्तनाची परिभाषा ठरवली. त्यांच्या सर्वसाधारण सूत्रात प्रकाश शिरण्याचा बिंदू वेगळा आणि बाहेर पडण्याचा बिंदू वेगळा होता. पण दोन्ही बिंदू व दोन्ही दिशा धरल्या की हिशेब आठ मितींचा होतो. म्हणून पुढच्या बहुतेकांनी दोन्ही बिंदू एकच मानण्याची सवलत घेतली. पुढची पंधरा वर्षे ही सवलत जवळपास नियमासारखी पाळली गेली.

१२/२५
१९९३ साली पॅट हॅनरहन आणि वोल्फगांग क्रूगर यांनी त्वचा व पान यांच्याकडे थरांची रचना म्हणून पाहिले. वर एक थर, खाली दुसरा. प्रत्येकाची शोषणक्षमता आणि विखुरण्याची रीत वेगळी. आकाशगंगेतील धुळीसाठीचे हेन्ये-ग्रीनस्टाइन सूत्र त्यांनी येथे योजले. त्यांच्या चित्रांतील पाने आणि चेहरा आधीच्यांपेक्षा मऊ दिसले. पण शिरण्याचा आणि निघण्याचा बिंदू अजूनही एकच होता. त्यामुळे सावलीची कडा धारदारच राहिली आणि प्रकाश आडवा झिरपला नाही.

१३/२५
पुढचा धक्का इटलीतून आला. १९९८–९९ या काळात स्टॅनफर्डचे मार्क लेव्हॉय आपल्या चमूसह फ्लॉरेन्सला होते. मायकेलअँजेलोच्या शिल्पांची लेसरने त्रिमितीय मोजणी करण्याचा हा प्रकल्प होता. ‘डेव्हिड’ पाव मिलिमीटरच्या बारकाईने मोजला गेला. मोजणीचे तत्त्व साधे होते : लेसरची रेघ दगडावर जिथे दिसेल तिथे दगडाचा पृष्ठभाग आहे. पण संगमरवर हे मानायला तयार नव्हता. लेसरचा काही प्रकाश स्फटिकांत शिरून थोडा सरकून बाहेर येई आणि मोजमापात गोंगाट मिसळे. ज्या गुणामुळे संगमरवरी शिल्प सजीव वाटते, तोच गुण मोजपट्टीच्या आड येत होता.

१४/२५
त्याच सुमारास, १९९९ साली, ज्युली डॉर्सी आणि सहकाऱ्यांनी ऊन-पावसाने झिजलेल्या दगडांचे चित्रण केले. त्यात दगडाच्या आत शिरणाऱ्या प्रकाशकणांचा माग एकेक करून काढलेला होता. या चमूत हेन्रिक वान येन्सेन हे डॅनिश संशोधक होते. परिणाम अचूक होता. किंमत मात्र जबर. आत हजारो वेळा वळणाऱ्या प्रत्येक कणाचा पाठलाग करायचा म्हणजे एका स्थिर चित्रासाठी संगणक तासन्‌तास गुंतून पडे. चित्रपटाच्या एका सेकंदाला तशी २४ चित्रे लागतात.

१५/२५
सुटका रुग्णालयाच्या दिशेने झाली. शरीरातील ऊती प्रकाश किती शोषतात आणि किती विखुरतात, हे कातडीला छेद न देता कळावे, असा वैद्यकीय भौतिकीतील प्रश्न होता. १९९२ साली थॉमस फॅरेल, मायकेल पॅटरसन आणि ब्रायन विल्सन या कॅनडातील संशोधकांनी त्यासाठी एक सुबक मांडणी दिली. प्रकाश खूप वेळा विखुरला की त्याची मूळ दिशा पुसली जाते आणि तो पाण्यात पडलेल्या शाईसारखा पसरतो. मग प्रत्येक कणाचा पाठलाग कशाला? पसरण्याचा हिशेब पुरे.

१६/२५
त्यांची युक्ती अशी : पृष्ठभागाच्या किंचित खाली एक काल्पनिक दिवा आहे असे माना आणि पृष्ठभागाच्या वर तसाच एक ‘उणे’ दिवा माना, जो प्रकाश देण्याऐवजी वजा करतो. दोहोंची बेरीज केली की कातडीच्या पृष्ठभागावर कोणत्या अंतरावर किती उजेड दिसेल, हे एका सूत्रात मिळते. दोन ध्रुव असल्याने हिला ‘डायपोल’ म्हणतात. वैद्यकाने बाहेरचा उजेड मोजून आतले गुणधर्म शोधले. चित्रणशास्त्राने तेच सूत्र उलट वापरले : आतले गुणधर्म घ्या आणि बाहेरचा उजेड काढा.

१७/२५
ऑगस्ट २००१. लॉस एंजेलिस येथील सिग्राफ परिषदेत येन्सेन, स्टीव्ह मार्शनर, लेव्हॉय आणि हॅनरहन यांचा शोधनिबंध सादर झाला. थरांचा अभ्यास करणारा, संगमरवराशी झगडलेला आणि दगडात शिरलेला, असे तिघेही आता एका निबंधावर एकत्र आले होते. १९७७ ची सवलत त्यांनी सोडून दिली. प्रकाश एका बिंदूतून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडला. कणांचा पाठलाग करून जे संगमरवरी शिल्प काढायला सुमारे वीस तास लागत, ते डायपोलने काही मिनिटांत जवळपास तसेच उमटले. शेजारी दुधाच्या पेल्याची चित्रे होती : जुन्या पद्धतीने पांढरा रंग भासणारे दूध नव्या पद्धतीने दूध झाले.

१८/२५
याच निबंधात एक छोटा तक्ता आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यावर थांबावे असा तो आहे. संशोधकांनी निरनिराळ्या पदार्थांवर प्रकाशाचा बारीक झोत टाकला, भोवती पसरलेल्या उजेडाची छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून गुणधर्म काढले. सफरचंद, कोंबडीचे मांस, साय, केचप, संगमरवर, बटाटा, साय काढलेले दूध, सायीसकट दूध. आणि ‘त्वचा १’, ‘त्वचा २’. ‘त्वचा १’च्या आकड्यांवरून हिशेब केला तर लाल प्रकाशाच्या पसरण्याचे अंतर सुमारे ३.७ मिलिमीटर येते, हिरव्याचे १.४ आणि निळ्याचे जेमतेम ०.७. कानाची पाळी लाल का उजळते, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

१९/२५
चित्रपटसृष्टीने विलंब लावला नाही. २००२ च्या अखेरीस ‘हॅरी पॉटर’च्या दुसऱ्या भागात डॉबी आला आणि पाठोपाठ गॉलम. स्टुडिओंनी आपापल्या सोयीच्या युक्त्या बसवल्या. २००४ साली ऑस्करच्या तांत्रिक पुरस्कारांत येन्सेन, मार्शनर व हॅनरहन यांचा मूळ संशोधनासाठी, तर क्रिस्तॉफ हेरी, केन मॅक्गॉ व जो लेटेरी यांचा त्वचेच्या व्यवहार्य चित्रणासाठी गौरव झाला. २००७ च्या सुमारास यूजीन दियॉन व डेव्हिड ल्युबके यांनी हेच गणित ग्राफिक्स कार्डावर तत्क्षणी चालेल इतके हलके केले आणि व्हिडिओ गेममधील चेहऱ्यांनाही मऊपणा आला.

२०/२५
इथे ही यशोगाथा संपवता आली असती. पण त्या तक्त्यापाशी परत जाऊ. दुधाच्या दोन नोंदी आहेत, कोंबडीच्या दोन आहेत आणि माणसाच्या त्वचेच्याही दोनच. ज्या संशोधनाचा हेतू प्रकाशाचे गणित सिद्ध करणे हा होता, त्याला दोन नमुने पुरेसे होते. पण तक्ते निबंधातून सुटून प्रवास करतात. हे आकडे पुढे अनेक सॉफ्टवेअरमध्ये तयार पर्याय म्हणून जाऊन बसले आणि त्यांच्यावर नाव एवढेच राहिले : ‘त्वचा’.

२१/२५
सगळी त्वचा प्रकाशाला सारखी वागवत नाही. वरच्या पातळ थरात मेलॅनिन असते, खालच्या जाड थरात रक्त. पडलेल्या प्रकाशाचा थोडाच भाग, साधारण विसावा हिस्सा, पृष्ठभागावरूनच चकाकी म्हणून परततो; बाकीचा आत जातो. मेलॅनिन कमी असेल तर आत गेलेला बराचसा प्रकाश रक्ताचा रंग घेऊन बाहेर येतो आणि त्वचा आतून उजळल्यासारखी दिसते. मेलॅनिन भरपूर असेल तर तो वाटेतच शोषला जातो. मग डोळ्याला मुख्यतः भावते ती पृष्ठभागावरची चकाकी आणि तिच्यातले बारीक चढउतार. म्हणजे सावळ्या-काळ्या त्वचेचे सौंदर्य ज्या गोष्टीत आहे, ती गोष्ट या तीस वर्षांच्या शोधाचा मुख्य विषयच नव्हती.

२२/२५
असे पूर्वीही घडले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत छायाचित्रे छापताना रंग बरोबर आले की नाही, हे पडताळण्यासाठी प्रयोगशाळांत ‘शर्ली कार्ड’ नावाचा संदर्भ-फोटो वापरीत. त्यावर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. तिचा वर्ण नीट उमटला म्हणजे यंत्र ठीक, असा निर्वाळा मिळे. त्याच यंत्रातून काळ्या माणसाचे नाकडोळे अंधारात बुडाले तरी दोष यंत्राचा मानला जात नसे. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी हा इतिहास २००९ साली सविस्तर मांडला. मोजपट्टी कोणावरून बनवली, हे विसरले गेले की ती निष्पक्ष वाटू लागते.

२३/२५
संगणकीय चित्रणात या दिशेने प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २००६ साली क्रेग डॉनर व येन्सेन यांनी मेलॅनिन आणि हिमोग्लोबिन यांचे प्रमाण बदलून निरनिराळे वर्ण काढता येतील असे सूत्र दिले. त्याच वर्षी टिम वायरिश व सहकाऱ्यांनी १४९ व्यक्तींच्या चेहऱ्यांची मोजणी प्रसिद्ध केली. म्हणजे समीकरणांत कोणताही वर्ण बसतो. समीकरण भेदभाव करीत नाही. भेद होतो तो कोणता चेहरा नमुना म्हणून निवडायचा आणि कोणती उणीव ‘न सुटलेला प्रश्न’ मानायची, या निर्णयांत.

२४/२५
२०२० साली येल विद्यापीठाचे थिओडोर किम यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये हीच गोष्ट उघडपणे मांडली. किम स्वतः पिक्सारमध्ये काम केलेले आणि तांत्रिक ऑस्कर मिळवलेले. म्हणजे ही टीका घरातूनच आली. शोधनिबंधांत ‘त्वचा’ म्हटले की व्यवहारात गोरी त्वचा गृहीत धरली जाते आणि अर्धपारदर्शकता हाच मानवी त्वचेचा प्राण मानला जातो, असा त्यांचा आक्षेप होता. २०२२ च्या सिग्राफमध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह हा मुद्दा पुन्हा मांडला. त्या सहकाऱ्यांत झिजलेल्या दगडांत प्रकाश सोडणाऱ्या ज्युली डॉर्सीही होत्या.

२५/२५
जुन्या ताम्रपटापुढे किंवा बखरीपुढे बसताना इतिहासाचा अभ्यासक विचारतो : हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, यात कोण नाही? विज्ञानातील तक्ताही असाच एक दस्तऐवज आहे. शूस्टरपासून येन्सेनपर्यंतच्या माणसांनी तारे, रंग, धूळ, दगड आणि ऊती यांतून वाट काढत प्रकाशाला त्वचेच्या आत पोहोचवले, हे कर्तृत्व थोरच. पण ‘त्वचा १’ या दोन शब्दांपुढे थांबून ‘कोणाची?’ असे विचारायला विद्वानांनाही जवळपास वीस वर्षे लागली. ज्या देशात एकाच घरातल्या भावंडांचे वर्ण निरनिराळे असतात, तिथल्या वाचकाला तरी हा प्रश्न परका वाटू नये.

(धागा समाप्त)